टीव्हीची सेटिंग बदलून लॅपटॉप-दुरुस्तीचे पैसे उकळले

गेमिंग लॅपटॉप टीव्हीला जोडल्यावर चित्र बिघडलेले दिसते म्हणून जे घरी तंत्रज्ञ बोलावणार आहेत, त्यांच्यासाठी ही हकीकत लिहीत आहे. पुण्यातील एका दुकानाने माझ्याकडून केबलचे २,८०० आणि कधीच न झालेल्या दुरुस्तीचे ४,५०० रुपये घेतले.

टीव्ही फोरके, १२० हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकणारा. तरीही विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आकडा ६० च्या वर जात नव्हता. टास्कबार खालच्या काठाबाहेर अर्धा गेला होता आणि बारीक अक्षरांच्या, विशेषतः रंगीत अक्षरांच्या, कडा फिसकटलेल्या दिसत होत्या. दुकानातून आलेल्या तंत्रज्ञाने लॅपटॉप उचलून पाहिला आणि छातीठोकपणे सांगितले, “पोर्ट अर्धा गेलाय साहेब, आतली डिस्प्लेची आयसी (चिप) बदलावी लागेल.” ‘८के, ४८ जीबीपीएस’ (म्हणजे सेकंदाला ४८ गिगाबिट माहिती वाहणारी) असे ठळक छापलेल्या खोक्यातील केबल त्याने तिथेच गळ्यात मारली आणि लॅपटॉप दुकानात नेला.

लॅपटॉप परत आणून जोडताना तो बराच वेळ टीव्हीच्या रिमोटशी खेळत होता. ‘रंग जुळवतोय’ असे त्याचे उत्तर होते. त्यानंतर चित्र खरोखरच काठोकाठ बसले, अक्षरे स्वच्छ झाली, १२० चा पर्यायही आला. बिल मागितले तेव्हा ‘पक्के बिल हवे तर अठरा टक्के वर पडतील’ हे ठरलेले वाक्य ऐकवून त्याने यूपीआयने पैसे घेतले. गेम चालू असताना पडदा मधूनच क्षणभर काळा पडू लागला, त्यावर फोनवर सांगण्यात आले की लॅपटॉप गरम होत असेल.

बिंग फुटले ते सेट-टॉप बॉक्ससाठी जागा करताना. लॅपटॉपची केबल टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टमध्ये लावताच टास्कबार पुन्हा कापला गेला आणि अक्षरे पुन्हा फिसकटली. पहिल्या पोर्टमध्ये लावताच सारे ठीक. लॅपटॉपमधील आयसी बदलली असती, तर टीव्हीचा पोर्ट बदलल्याने तिला काय फरक पडणार होता? मग लॅपटॉप उलटा करून पाहिला, तर तळाच्या एका स्क्रूवर कंपनीने चिकटवलेला गोल स्टिकर जसाच्या तसा होता आणि तो फाडल्याशिवाय ते झाकण निघतच नाही.

तंत्रज्ञाने रिमोटवरून बदललेल्या टीव्हीच्या अशा सेटिंग अनेकदा प्रत्येक पोर्टसाठी वेगळ्या असतात, हीच या धंद्याची मेख आहे. चित्राच्या चारही कडा सारख्या कापल्या जातात तेव्हा टीव्ही ते मुद्दाम थोडे मोठे करून दाखवत असतो. सॅमसंगमध्ये ‘फिट टू स्क्रीन’, एलजीमध्ये ‘जस्ट स्कॅन’ चालू केले की ते जागेवर येते. अक्षरांच्या कडा बिघडतात त्या टीव्ही रंगांची माहिती काटून दाखवतो म्हणून. त्या पोर्टला ‘पीसी’ असे नाव किंवा चिन्ह दिल्यावर बहुतेक टीव्ही ती पूर्ण दाखवतात. १२० हर्ट्‌झसाठी सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय डीप कलर’, सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ अशी नावे आढळतात, आणि अनेक टीव्हींत ती सोय एकदोनच पोर्टांना असते. एचडीएमआयचा संकेत डिजिटल असतो, त्यामुळे पोर्ट खराब झाला तर चित्र जाते, लुकलुकते किंवा त्यात ठिपके येतात. ते चारही बाजूंनी नीटनेटके कापले जात नाही.

केबलचे प्रकरण तर अधिकच निर्लज्जपणाचे निघाले. खोक्यावर काहीही छापलेले असले, तरी केबलच्या काळ्या आवरणावर, दिव्याखाली तिरपी धरल्यावरच वाचता येईल अशा फिक्या अक्षरांत, ‘हाय स्पीड’ एवढेच लिहिलेले होते. ४८ जीबीपीएसची प्रमाणित केबल असेल तर आवरणावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे पूर्ण नाव असते आणि वेष्टनावर एचडीएमआयच्या अधिकृत अ‍ॅपने तपासता येणारे क्यूआर कोडचे लेबल असते. एचडीएमआय २.० या जुन्या आवृत्तीची मर्यादा १८ जीबीपीएस आहे आणि त्यात फोरके ६० हर्ट्‌झपर्यंतच सुखाने बसते. पडदा काळा पडत होता तो ‘हाय स्पीड’ केबलवर १२० चा पर्याय चालवण्याच्या ओढाताणीमुळे. प्रमाणित केबल लावल्यावर तो प्रकार थांबला, लॅपटॉप तेवढाच गरम असूनही.

दुकानदाराने आधी हात झटकले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे सांगून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सोबत यूपीआयच्या नोंदी, केबलच्या आवरणाचे आणि त्या स्टिकरचे फोटो जोडले. त्यानंतर केबलचे पैसे मुकाट्याने परत आले. दुरुस्तीच्या पैशांबाबत मात्र ‘काम केले होते’ हेच पालुपद चालू आहे, आणि कोणती आयसी बदलली, जुनी कुठे आहे, या प्रश्नाला दुकानाने अजून उत्तर दिलेले नाही.