खाडा लागला नाही : आमच्या कंपनीच्या आपत्कालीन सेवा रजेचा अनुभव

आमच्या कंपनीत ‘आपत्कालीन सेवा रजा’ आहे. वर्षाला १० दिवस, भरपगारी. पूर, वादळ, वणवा अशा वेळी सरकारी आपत्कालीन सेवेत स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांसाठी. जानेवारी २०२२ मध्ये मी या कंपनीत आले, तेव्हापासून ही रजा वापरते आहे. मी पगार विभागात असल्यामुळे बाकीच्यांची ही रजा पगारात बसवण्याचं कामही माझ्याकडेच आहे. त्यामुळे तिचा उपयोग कुठे होतो आणि ती कुठे अडते, हे दोन्ही बाजूंनी बघितलंय. इथे सिडनीत मंडळाच्या कार्यक्रमाला भेटणारे बरेच जण मला एसईएसबद्दल, म्हणजे मी ज्या आपत्कालीन सेवेत स्वयंसेवक आहे तिच्याबद्दल विचारतात. पहिला प्रश्न असतो ‘पोहायला यावं लागतं का?’ आणि दुसरा ‘ऑफिसचं काय करतेस?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे, बहुतेक कामांना लागत नाही. दुसऱ्यासाठी हे लिहितेय.

एसईएस म्हणजे स्टेट इमर्जन्सी सर्व्हिस. १९५५ च्या फेब्रुवारीत हंटर खोऱ्यात मोठा पूर आला, त्यानंतर न्यू साउथ वेल्समध्ये ती उभी राहिली. पूर आणि वादळ हे तिचं मुख्य काम. नारिंगी कपड्यांतली जी माणसं छपरावर ताडपत्री बांधताना किंवा रबरी बोटीत दिसतात, त्यातली बहुतेक बिनपगारी स्वयंसेवक असतात. कुणी सुतार, कुणी नर्स, कुणी माझ्यासारखी हिशेबनीस. वणव्याचं काम रूरल फायर सर्व्हिस बघते, तिथेही हीच रीत.

मी यात पडले ती सांगलीमुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. आमचं घर गावभागात. आई-बाबा दोन दिवस वरच्या मजल्यावर अडकले होते आणि मी इथे फोन हातात घेऊन बसले होते. त्यांना होडीत घेणारा पोरगा कुपवाड एमआयडीसीत कामाला होता. बाबांना त्याने पाठीवर घेऊन जिन्यावरून खाली उतरवलं. पुढे पाणी ओसरल्यावर आई त्याला डबा द्यायला गेली, तेव्हा कळलं की त्याला कारखान्यात चार दिवसांचा खाडा लागला होता. आईने पैसे पुढे केले, त्याने घेतले नाहीत. आई मला फोनवर एवढंच म्हणाली, “अगं, आपल्यासाठी त्याचा पगार कापला.” ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी इथे वणवे पेटले, सिडनीवर आठवडेच्या आठवडे धूर होता. २०२० मध्ये मी आमच्या भागातल्या एसईएस युनिटमध्ये नाव घातलं.

आता कायदा. कारण पुष्कळांचा समज असतो की ऑस्ट्रेलियात अशा कामाला पगार मिळतोच. तसं नाही. २००९ च्या फेअर वर्क कायद्यात ‘कम्युनिटी सर्व्हिस लीव्ह’ आहे. मान्यताप्राप्त आपत्कालीन संस्थेच्या कामासाठी तुम्ही रजेवर जाऊ शकता, वाजवी असेल तोवर दिवसांची ठराविक मर्यादा नाही, प्रवासाचा वेळ आणि कामानंतरच्या विश्रांतीचा वाजवी वेळही त्यात धरतात. कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, तासावरच्या कामगारांनाही हा हक्क आहे. आधी कळवता आलं नाही तर गेल्यावर शक्य तितक्या लवकर कळवलं तरी चालतं, पण मालकाने मागितला तर पुरावा द्यावा लागतो. फक्त ही सगळी रजा बिनपगारी. त्याच कायद्यात ज्यूरीच्या कामासाठी कायम कर्मचाऱ्याला पहिल्या १० दिवसांचा, ज्यूरीचा भत्ता आणि पगार यांतला फरक कंपनीने भरून द्यायचा असतो. कोर्टात बसायला पगार, आणि पाण्यात उतरायला नाही. हा भेद मला आजही पटत नाही.

२०१९-२० च्या वणव्यांत हा प्रश्न फार पेटला, कारण लोक महिना महिना आगीवर होते. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना २० दिवसांची पगारी रजा देऊ केली, आणि स्वतःचा धंदा असलेल्या किंवा लहान-मध्यम कंपन्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवकांना दिवसाला ३०० डॉलर, जास्तीत जास्त ६,००० डॉलर, अशी भरपाई जाहीर केली. तीही दहा दिवसांपेक्षा जास्त काम झालेल्यांना. ती त्या एका मोसमापुरती होती. एरवी पगार द्यायचा की नाही हे त्या त्या मालकावर किंवा करारावर असतं.

माझ्या आधीच्या कंपनीत तो मिळत नव्हता. मार्च २०२१ मध्ये हॉक्सबरी नदीला पूर आला तेव्हा मी तीन दिवस गेले. पगार कापला गेला, ते कायद्याला धरूनच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. त्रास वेगळाच झाला. पगार वाचवायचा म्हणून तिसऱ्या रात्री पहाटे साडेचारला घरी येऊन साडेआठला मी ऑफिसात हजर झाले. त्या दिवशी पगाराची फाइल बँकेला जायची होती. एका माणसाचा ओव्हरटाइम मी दोनदा घातला आणि दुसऱ्याचा घातलाच नाही. दुसऱ्याच्या घराचा हप्ता त्याच दिवशी जाणार होता, तो चुकला. मी त्याची माफी मागितली, पैसे त्याच दुपारी पाठवले, पण बँकेने त्याला दंड लावलाच होता. साहेब मला म्हणाले की पुढच्या वेळी वार्षिक रजा टाका. वार्षिक रजा मी सांगलीला जायला साठवते, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

म्हणून इथे मुलाखतीत मी हा प्रश्न सरळ विचारला. त्यांनी धोरणाचं पान हातात दिलं. नोकरी घेण्याच्या कारणांत हे पान वरच्या नंबरावर होतं.

खरी परीक्षा जुलै २०२२ मध्ये झाली. वॉरागांबा धरण वाहत होतं, विंडसरला हॉक्सबरी नदी जवळजवळ १४ मीटरपर्यंत चढली. दीड वर्षातला हा तिसरा मोठा पूर. रविवारी रात्री युनिटमधून निरोप आला, सोमवारी सकाळी मी मॅनेजरला मेसेज टाकला. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं : जा, परत आल्यावर फॉर्म भर.

त्या दिवशी आम्ही दोघं दोघं करून घरोघर जात होतो. दार वाजवायचं, घर सोडण्याचा आदेश सांगायचा, किती माणसं, किती जनावरं, कुणी आजारी आहे का, हे लिहून घ्यायचं. एका घरात एक पंजाबी आजी एकट्याच होत्या. मुलगा-सून कामावर, रस्ता बंद झाल्यामुळे पलीकडे अडकलेले. आजी नुकत्या भारतातून आल्या होत्या, इंग्रजी येत नव्हतं, आणि नारिंगी कपडे बघून पोलीस आले असं त्यांना वाटलं. मी हिंदीत बोलायला लागल्यावर त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. कागद, पासपोर्ट, गोळ्या असं सगळं पिशवीत भरलं, गाडीपर्यंत आलो, आणि त्या एकदम थांबल्या. इन्सुलिन फ्रिजमध्ये राहिलं होतं. मी परत आत गेले. अंड्यांच्या खणात खोके होतं. नातवाची शाळेची जेवणाची पिशवी ओट्यावर होती, तिच्यात बर्फाचं पाकीट घातलं, त्यावर रुमाल, त्यावर खोके. बर्फाला थेट लागलं तर इन्सुलिन गोठून वाया जातं, हे बाबांमुळे मला माहीत होतं. आजींनी पिशवीची चेन स्वतः लावली आणि मांडीवर घेऊन बसल्या. हे सगळं पंचवीस मिनिटांत झालं असेल. त्या पंचवीस मिनिटांत पगाराचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही, आणि रजेची किंमत मला तिथेच कळली.

संध्याकाळनंतर वाळूच्या पिशव्या. पिशवी अर्धीच भरायची, तोंड दुमडून खाली दाबायचं आणि विटा रचतात तशा सांधे चुकवून लावायच्या. काठोकाठ भरलेली पिशवी बसत नाही, मधून पाणी येतं. पहाटे चारला आम्हाला सोडलं.

आता या रजेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. मंगळवारही पगारी होता. धोरणात स्पष्ट लिहिलंय की रात्री दहानंतर काम संपलं तर सुटल्यापासून दहा तास कामावर यायचं नाही, आणि ते तास याच रजेत धरायचे. मी दुपारपर्यंत झोपले. बुधवारी पगाराची फाइल केली, एकही चूक नव्हती. नुसते दिवस देणाऱ्या कंपन्या आहेत, पण ही झोप देणारं धोरण मी दुसरीकडे बघितलेलं नाही. मुलाखतीला जाल तेव्हा ‘किती दिवस’ याच्या आधी ‘दुसऱ्या दिवसाचं काय’ ते विचारा.

कामकाजही सोपं आहे. परतल्यावर सात दिवसांत फॉर्म, सोबत युनिट कमांडरचं पत्र. पत्रात तारीख आणि सुरू-बंद वेळा एवढंच लागतं, कुठे काय केलं ते नाही. तासांवर नोंद होते, त्यामुळे झाड पडलं म्हणून तीन तास गेलात तर तीनच तास जातात. सुरुवातीला अर्ध्या दिवसाखाली नोंद होत नसे. ते मीच बदलून घेतलं, कारण सिस्टीममध्ये तो नुसता एक पर्याय होता, कुणी बघितला नव्हता.

उणिवा आहेत, त्या सांगायलाच हव्यात. प्रशिक्षणाला ही रजा चालत नाही. आमचे वर्ग बहुतेक संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतात, पण बोटीचं किंवा करवतीचं प्रशिक्षण कधी कधी आठवड्याच्या दिवशी येतं. मी करवतीसाठी वार्षिक रजेचे दोन दिवस दिले. प्रशिक्षणाशिवाय करवतीला हात लावू देत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. मग जे शिकल्याशिवाय काम करताच येत नाही, ते शिकण्याचे दिवस कामात धरायला हवेत.

दुसरं, १० दिवस नेहमी पुरतात असं नाही. २०२२ मध्ये मार्च आणि जुलै मिळून माझे नऊ गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी राज्याच्या उत्तरेला लिस्मोर गावात नदी १४.४ मीटरवर गेली होती, आमच्या युनिटमधली काही जण तिकडे गेली. मला जाता आलं असतं, पण आपल्याच नदीचं काय होईल या हिशेबाने मी दिवस राखून ठेवले. शिल्लक दिवस पुढच्या वर्षात जात नाहीत, तेही बदलायला हवं. एका वर्षी पाऊसच नसतो आणि पुढच्या वर्षी तीन पूर येतात.

तिसरी उणीव मात्र मोठी आहे, आणि तिच्यामुळेच मी पाचपैकी चारच तारे देतेय. ही पगारी रजा फक्त कायम कर्मचाऱ्यांना आहे. आमच्या गोदामात अर्ध्याहून जास्त माणसं कॅज्युअल. त्यातला एक फोर्कलिफ्ट चालवतो आणि रूरल फायर सर्व्हिसमध्ये माझ्यापेक्षा कितीतरी जुना आहे. आगीच्या दिवसांत तो जातो, कायद्याप्रमाणे त्याला कुणी अडवत नाही, परत आल्यावर त्याची शिफ्टही त्याला मिळते. पण त्या आठवड्याचं पगारपत्रक मी करते तेव्हा माझ्या ओळीत पूर्ण दिवसाचे ७.६ तास पडतात आणि त्याच्या ओळीत शून्य. ते शून्य मला माझ्या हाताने टाइप करावं लागतं. दर वेळी मला कुपवाडचा तो पोरगा आठवतो.

कॅज्युअलला तासाचा दर जास्त मिळतो, त्यात रजेचा मोबदला धरलेलाच असतो, असं मला सांगण्यात आलं. हिशेबाच्या भाषेत ते खरं आहे. पण तो जादा दर आजारपण आणि वार्षिक रजेच्या बदल्यात असतो, दुसऱ्याचं घर वाचवायला गेलेल्या दिवसाच्या बदल्यात नव्हे.

मी एचआरला पत्र दिलंय. पहिल्या पत्राला ‘विचार करू’ असं उत्तर आलं होतं. या वेळी सोबत आकडे जोडलेत : मी आल्यापासून आजवर गोदामातल्या सगळ्या कॅज्युअल लोकांनी मिळून या कामासाठी ११ दिवस घेतले. त्यांच्या दराने पूर्ण पगार दिला असता तर कंपनीला ३,००० डॉलरच्या आतच खर्च आला असता. पुढच्या महिन्यात बैठक आहे, फोर्कलिफ्टवाल्यालाही मी सोबत यायला सांगितलंय.