पुढचा प्लेस्टेशन: डिस्क ड्राइव्ह आतच हवा की सुटा?

२०२० च्या पीएस५च्या (सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलच्या) मुख्य मॉडेलमध्ये ड्राइव्ह पक्का बसवलेला होता. २०२३ च्या स्लिम मॉडेलमध्ये तो काढता-घालता येऊ लागला आणि २०२४ च्या प्रोच्या खोक्यातून गायबच झाला. म्हणजे पुढेही सुटाच येणार, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

पक्क्या ड्राइव्हची गोची दुरुस्तीत आहे. त्याच्या सर्किट बोर्डाची कन्सोलच्या मदरबोर्डशी (मुख्य बोर्डाशी) जोडी ठरलेली असते. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुसरा ड्राइव्ह आणून बसवला तरी गेमची डिस्क चालत नाही. जुना बोर्ड काढून नव्यात घालावा लागतो. तोच जळाला असेल तर खेळ खलास. सुटा ड्राइव्ह मात्र बाजूचं कव्हर सरकवलं की खटकन बसतो. फक्त पहिल्या जोडणीला इंटरनेट लागतं. वीस वर्षांनी त्यासाठीचा सोनीचा सर्व्हर असेल का, ही धास्ती रास्तच.

ड्राइव्ह नकोच म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा: १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या (मेगाबिट प्रति सेकंद) इंटरनेटवर उतरायला सव्वादोन तास, तेही पूर्ण वेग मिळाला तर. मध्येच वीज गेली की राउटरही गप्प! शिवाय डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. डिस्क निम्म्या किमतीला का होईना, खपते. सुटाच घ्यावा, पण पहिल्याच दिवशी जोडून ठेवावा.