सात घुशींचे पैसे

गेल्या आठवड्यात आमच्याच रस्त्यावरच्या एका बाईंनी मला फोनवर एक फोटो दाखवला. पिंजऱ्यात वुडचक नावाचा बिळात राहणारा प्राणी, डाव्या कानाचा तुकडा गेलेला. "आज पहाटे आमच्या शेडखालून काढला, जंगलात सोडला म्हणे," त्या खुशीत सांगत होत्या. मी त्या कानाला चांगली ओळखते. जूनमध्ये त्याच प्राण्याचे सात फोटो मी 820 डॉलर मोजून घेतलेत. कोणाला सांगायला लाज वाटत होती, पण आता लिहायलाच हवं.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहतो. इथे मेच्या मध्यापर्यंत दंव गोठायची धास्ती असते, त्यामुळे भाजीला जेमतेम चार महिने मिळतात. यंदा आई साताऱ्याहून आलेली, म्हणून हौसेने चार वाफे केले: मेथी, चवळी, घेवडा, दुधी. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी बघते तर घेवड्याचे नुसते दांडे उभे आणि मेथीचा वाफा जमिनीलगत साफ. आईने खिडकीतून चोर पाहिला आणि ओरडली, "अगं, केवढी मोठी घूस!"

घूस नव्हे ती. वुडचक, म्हणजेच ग्राउंडहॉग, खारीच्या कुळातला. दर 2 फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियात ज्याला बाहेर काढून हिवाळा अजून किती उरलाय ते विचारतात, तोच हा. चार-पाच किलोचं धूड, सकाळी आणि उन्हं उतरल्यावर जेवायला येतं. पण आमच्या घरात त्याचं नाव घूसच पडलं.

आधी मी ऑनलाइन 39 डॉलरच्या, जमिनीत खोचायच्या दोन काठ्या मागवल्या. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून प्राण्याला पळवतात म्हणे. तिसऱ्या दिवशी घूस त्यातल्या एका काठीला टेकून चवळी खात होती. असल्या यंत्रांच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा, अशी ताकीद इथल्या फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय व्यापार आयोगाने साठाहून जास्त उत्पादकांना आणि विक्रेत्यांना 2001 सालीच दिली होती, हे मला नंतर कळलं. असो, ते 39 डॉलर गेले. खरा खड्डा पुढे होता.

जाहिरातीतून एक माणूस सापडला. पिकअप ट्रक, टोपी, अगदी गोड बोलणं. अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या त्याने विचारलं, "तुम्हा लोकांना मारलेलं चालत नाही ना?" मी म्हटलं, अजिबात नाही. "मग मी आहे ना. जिवंत धरतो आणि वीस मैलांवर जंगलात सोडतो." मला त्या क्षणी इतकं हायसं वाटलं की पुढचं काही विचारायचं भानच राहिलं नाही. माझ्या घेवड्यापायी एक जीव जाऊ नये, एवढंच मला हवं होतं, आणि त्याने नेमकं तेच विकायला काढलं.

शेडमागे त्याने दोन बिळं दाखवली. एकाच्या तोंडाशी मातीचा ढीग, दुसरं गवतात लपलेलं, ढिगाशिवाय. "दोन कुटुंबं आहेत," म्हणाला. खरं तर एकाच बिळाला अशी दोन-चार तोंडं असतात. ढिगाचं तोंड ये-जा करायचं, लपलेलं तोंड पळून जायचं. पण मी मान डोलावली. पिंजरा लावण्याचे 225 डॉलर, वर प्रत्येक प्राण्याचे 85. पैसे बँकेच्या अ‍ॅपवरून थेट, कारण "कार्डाचं मशीन बिघडलंय". पिंजऱ्यावर ताडपत्री टाकून त्याने बजावलं, "जवळ जाऊ नका, माणसाचा वास लागला की येत नाही." पहाटे पाचला येऊन पिंजरा उचलायचा, आठला फोटो पाठवायचा. असे सात दिवस, सात फोटो. मी एकदाही त्याच्या हातात प्राणी पाहिला नाही. मादीला एका वेळी दोन ते सहा पिल्लं होतात, असं वाचलं होतं. म्हणून सात हा आकडाही मला पटला!

आठव्या दिवशी दुधीचा शेंडा गायब. नवरा म्हणाला, नवीन आला असेल. आई काही बोलली नाही. संध्याकाळी तिने वर्तमानपत्राचे बोळे करून दोन्ही बिळांच्या तोंडात सैलसर कोंबले. आमच्याकडे शेतात उंदरांची बिळं अशीच संध्याकाळी बुजवतात आणि सकाळी जी उकरलेली दिसतात ती जिवंत बिळं धरतात. सकाळी कागद बाहेर पसरलेले होते. मग तिने चष्मा लावून माझा फोन मागितला आणि एकेक फोटो मोठा करून पाहिला.

"अगं, हा डावा कान बघ. सातही ठिकाणी तोच आहे."

मीही पाहिलं. शेवटच्या फोटोत पिंजऱ्यामागे मेपलची लालभडक पानं पडलेली. जून महिन्यात!

त्या माणसाने फोन उचलला नाही, दोन दिवसांत नंबरच बंद. बँकेचं उत्तर असं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. मग मी राज्याच्या वन्यजीव खात्याची माहिती वाचायला बसले आणि डोक्याला हात लावला. मॅसॅच्युसेट्समध्ये वन्य प्राणी धरून दुसरीकडे नेऊन सोडणं बेकायदा आहे. त्यातून रोग पसरू शकतात, शिवाय अनोळखी जागी प्राण्याचे हाल होतात. परवाना असलेल्या माणसालाही ती बंदी लागू आहे: धरलेला प्राणी त्याच आवारात सोडायचा, नाहीतर मारायचा. म्हणजे "वीस मैलांवर सोडतो" हे वाक्य ज्याने उच्चारलं, तो एक तर खोटं बोलत होता, नाहीतर कायदा मोडत होता. ते वाक्य ऐकताच मी त्याला दार दाखवायला हवं होतं. परवान्याचा कागद मागितला असता तरी भागलं असतं. मी त्याला चहा पाजला.

राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार केली आहे. ग्राहक कायद्याच्या प्रकरण 93-ए प्रमाणे 30 दिवसांच्या मुदतीचं मागणीपत्रही पाठवलं. पाकीट "पत्ता चूक" म्हणून परत आलं. 7,000 डॉलरपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या न्यायालयात वकिलाशिवाय चालतो, पण प्रतिवादी तर सापडायला हवा. शेजारच्या बाईंनीही थेट पैसे पाठवलेत. त्यांच्याकडे त्याच्या गाडीचा नंबर आहे, तेवढीच आशा.

भाजी वाचवली ती कुंपणाने. चार फुटी तारेची जाळी घेतली. तिचा खालचा फूटभर भाग जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला वळवला, म्हणजे उकरताना जाळीच पंजाखाली येते. वरचा फूटभर खांबाला न बांधता सैल सोडला. चढायला लागली की तो डुलतो आणि घूस मागे पडते. दोन शनिवार गेले, खर्च 190 डॉलर. घूस अजून शेडखालीच राहते आणि हिरवळीत उगवणारा क्लोव्हरचा पाला खाते. दोन्ही कान शाबूत आहेत तिचे.