बेंबीचा हर्निया आणि टमी टक: दोन्ही एकदम, की आधी एक?

बाळंतपणं झाली, पोट सुटलं, बेंबीपाशी फुगवटा आला. तालुक्याच्या डॉक्टरांनी हर्निया सांगितला, म्हणजे पोटाच्या भिंतीला भोक पडून आतलं बाहेर येणं, आणि नागपूरच्या जाऊबाई म्हणाल्या, "टमी टकच करून घे ना, त्यातच हर्निया शिवून देतात." टमी टक म्हणजे लोंबलेली कातडी-चरबी काढून पोट सपाट करायचं ऑपरेशन, आणि त्यात हर्निया शिवून देतात हे खरं. पण गुंडानं पाणी भरणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईचा हिशोब फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईपेक्षा वेगळा निघतो.

आधी पोटात नेमकं काय आहे ते कळलं पाहिजे. उताणं झोपून मान उचला. छातीखालून बेंबीपर्यंत उलट्या नावेसारखा लांबट उंचवटा आला, तर बहुधा पोटाचे दोन स्नायू एकमेकांपासून फाकलेले असतात. तिथं भोक नसतं, आतडं अडकायची भीती नसते. बेंबीशी किंवा जुन्या टाक्यापाशी गोल गाठ येत असेल, खोकल्यावर ती हाताला धक्का देत असेल आणि झोपल्यावर आत जात असेल, तर तो हर्निया. पुष्कळ बायकांना दोन्ही असतं, म्हणून सोनोग्राफी करून घ्यावीच. पट्टा बांधून किंवा व्यायाम करून मोठ्या माणसाचा हर्निया बुजत नाही.

"दुखत नाही तं कायले कापाचं?" असं आपल्याकडे हमखास ऐकू येतं. लहान, न दुखणाऱ्या हर्नियाला डॉक्टरांच्या सल्ल्यानं थोडं थांबता येतं. पण गाठ आत जाईनाशी झाली, टणक होऊन दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या किंवा गॅस-शौच बंद झालं, तर त्याच रात्री गाडी करायची. सकाळच्या एसटीची वाट पाहायची नाही.

फक्त हर्नियाचं ऑपरेशन तुलनेनं लहान. भोक लहान असेल तर टाके, मोठं असेल तर आधाराला जाळी बसवतात. बहुतेक जणी एक-दोन दिवसांत घरी येतात, आठवडा-दोन आठवड्यांत घरातली हलकी कामं जमतात. जड उचलणं मात्र 4 ते 6 आठवडे बंद. पोट सुटलेलंच राहतं, कातडी लोंबतच राहते; आरशात फार फरक दिसेल ही आशा नको.

टमी टकमध्ये एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेतात, जास्तीची कातडी-चरबी काढतात, फाकलेले स्नायू मधोमध शिवतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. हर्निया त्याच छेदातून दुरुस्त होतो, म्हणजे भूल एकदाच, विश्रांतीही एकदाच. पण जखम कितीतरी मोठी. शिवाय बेंबीला आजूबाजूच्या कातडीतून आणि आतून असा दोन्हीकडून रक्तपुरवठा असतो. टमी टकमध्ये बाहेरचा तुटतो, बेंबीचा हर्निया दुरुस्त करताना आतलाही तुटू शकतो, आणि मग बेंबी काळी पडू शकते. सर्जनला हे तोंडावर विचारा. चांगला सर्जन चिडत नाही.

खर्रा खाणाऱ्या किंवा मशेरी लावणाऱ्या बाईनं किमान 4 आठवडे आधी ते पूर्ण सोडल्याशिवाय टमी टकचा विचारही करू नये. निकोटीननं कातडीचं रक्त आटतं आणि जखम मधोमध उकलते. आत जाळी असेल आणि जखम पिकली तर काम आणखी वाढतं. साखर ताब्यात नसेल तरी तेच. अजून मूल हवं असेल तर टमी टक थांबवाच, शिवलेले स्नायू गरोदरपणात पुन्हा ताणले जातात.

खरा फरक घरी आल्यावर कळतो. टमी टकनंतर एक-दोन आठवडे कमरेत वाकूनच चालावं लागतं. बऱ्याचदा पोटाला नळ्या असतात. त्यांतलं पाणी रोज मोजून लिहायचं. पट्टा साधारण 6 आठवडे, आणि तेवढेच दिवस 4-5 किलोच्या वर काही उचलायचं नाही. 15 लिटरचा भरलेला गुंड म्हणजे भांड्यासकट 16-17 किलो! वेचणीला कमरेला बांधतो ती ओटी नेमकी आडव्या टाक्यावर येते, आणि कापूस भरत जातो तसा तिचा भार पोटावर ओढ देतो. उकिडवं बसायच्या संडासात कुंथणं हा दोन्ही ऑपरेशनांचा शत्रू. भोकाची खुर्ची आणून ठेवा, पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. तरी झोपूनही राहू नका. पोटरी सुजली-दुखली किंवा दम लागला तर रक्ताची गुठळी असू शकते, लगेच दवाखाना गाठा.

टमी टकनंतर पोट पुन्हा फुगलं की बायका घाबरतात, हर्निया झाला म्हणून. नुसत्या टमी टकमध्ये पोटाची आतली पोकळी उघडत नाहीत, त्यामुळे नवा हर्निया सहसा होत नाही. पहिल्या काही आठवड्यांतला फुगवटा बहुधा सूज असते, नाहीतर कातडीखाली साठलेलं पाणी. ते दाबल्यावर हलतं, सुईनं काढता येतं. खोकल्यावर उसळणारी आणि झोपल्यावर जाणारी गाठ दिसली तर मात्र तपासून घ्या.

पैशाचं थोडक्यात. हर्नियासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. सौंदर्यासाठीचं टमी टक त्यात बसत नाही. खासगीत तो खर्च खिशातूनच.

माझं मत विचाराल तर, घरात पाणी भरायला दुसरं माणूस नसेल तर हर्निया आधी उरकावा. टमी टक पुढेमागे करता येतं. जाळी बसवली असेल तर त्याचा कागद जपून ठेवा आणि पुढच्या सर्जनला दाखवा. सहा आठवडे सासू-नणंद खरंच सांभाळणार असतील, वजन स्थिर असेल आणि तंबाखू सुटली असेल, तर दोन्ही एकदम करायला हरकत नाही. दिवस वेचणी सरल्यावरचे, फेब्रुवारीतले घ्या. मे महिन्याच्या उन्हात पट्ट्याखाली घामोळ्या फुटतात.

आणि तारीख ठरवण्याआधी एवढं विचारा: नळी काढायला, पाणी साठलं तर ते काढायला तालुक्याला जमेल की दर वेळी नागपूर किंवा सेवाग्राम गाठावं लागेल? दर वेळी यावंच लागणार असेल, तर भाड्यासोबत सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरीही खर्चात धरा.