लाल बुडाचा रेझर आणि साडेआठ हजार रुपये

पार्सल आलं ते श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात. आमच्या घरी श्रावण पाळतात, महिनाभर दाढी नाही. त्यामुळे रेझर, साबणाची लाकडी वाटी आणि ब्रश या तिन्ही वस्तू मी हातात घेऊन पाहिल्या, मऊ फडक्याने पुसल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. वापरायला काढल्या त्या पिठोरी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी तासाभरात कळलं की साडेआठ हजार रुपयांना मी फसलो आहे. विकणाऱ्याने ‘काही असेल तर सात दिवसांत सांगा’ असं म्हटलं होतं. ते सात दिवस केव्हाच उलटले होते.

जुन्या दाढीच्या सामानाचा नाद मला अण्णांमुळे लागला. माझे वडील खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करायचे. ॲल्युमिनियमच्या वाटीत गोदरेजची गोल वडी, टोपाझचं ब्लेड, शेवटी ओल्या गालावर तुरटीचा खडा. त्यांचा रेझर तीन तुकड्यांचा जिलेट टेक, ‘मेड इन इंग्लंड’. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला. पहिल्यांदा त्याने दाढी केली तेव्हा केस कापले जाण्याचा जो बारीक आवाज येतो, तो ऐकून मी लहानपणीच्या त्या खिडकीपाशी पोहोचलो. मग पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी चकरा सुरू झाल्या, मुंबईला गेलो की चोर बाजार. सहा वर्षांत वीसेक रेझर जमले. पण ते सगळे इंग्लंडचे किंवा इथलेच. अमेरिकन रेझर माझ्याकडे नव्हता, आणि नेमकं तिथेच माझं अज्ञान होतं.

जाहिरात होती ‘जिलेट सुपर स्पीड, लाल बुडाचा, १९५६, न वापरलेला’. सोबत यार्डलेची दाढीच्या साबणाची लाकडी वाटी, ‘सीलबंद, पन्नासच्या दशकातली’, आणि ‘हस्तिदंती मुठीचा’ ब्रश. १९५५ च्या सुमारास जिलेटने अमेरिकेत सुपर स्पीड तीन वजनांत आणला होता. हलक्या दाढीसाठी निळ्या बुडाचा, नेहमीच्या दाढीसाठी बिनरंगाचा आणि राठ दाढीसाठी लाल बुडाचा. लाल बुडाचा सगळ्यांत जड. बिनरंगाचा भरपूर सापडतो, लाल बुडाचा त्या मानाने कमी, म्हणून किमतीत मोठा फरक पडतो. दांड्याचं बूड फिरवलं की डोक्याची दोन दारं उघडतात, ब्लेड आत ठेवायचं, उलटं फिरवलं की बंद. ही करामत अण्णांच्या टेकमध्ये नाही. मला तो हवाच होता.

फोटो चार होते आणि चारही वरून काढलेले. मी म्हटलं, ‘डोक्याच्या खालच्या बाजूचा एक फोटो पाठवाल का?’ उत्तर आलं, ‘दादा, माल गावी आहे, मी मुंबईत. आणि आज दुसरं गिऱ्हाईक पैसे टाकतंय. तुम्ही जाणकार आहात म्हणून तुम्हाला आधी विचारलं.’ जाणकार म्हटल्यावर मी पुढे काही विचारलं नाही. रात्री साडेदहाला पूर्ण रक्कम मोबाइलवरून पाठवली. माल गावी आणि तो मुंबईत, तर मग दुसऱ्याच दिवशी पार्सल मुंबईहून कसं निघालं, हा प्रश्न मला आज पडतो.

आधी साबणाबद्दल सांगतो, कारण संशय तिथेच आला. झाकण उघडताच लॅव्हेंडरचा भपकारा आला. चरबीपासून केलेल्या जुन्या साबणाच्या तीन वड्या माझ्याकडे आहेत. त्यांचा वास उडून गेलेला असतो किंवा खवट झालेला असतो. त्यांच्यातलं पाणी आटतं, साबण आकसतो आणि वाटीच्या कडेपासून सुटतो, बोटाचं नख जाईल एवढी फट पडते. वर भेगा, कधी नारिंगी डाग. इथे साबण वाटीच्या कडेला घट्ट चिकटलेला, वरून आरशासारखा गुळगुळीत, आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे. वितळवून ओतलेल्या साबणाला असे बुडबुडे राहतात. ब्रश फिरवला तर फेस आला, पण गालावर लावून होईपर्यंत बसला आणि त्वचा कोरडी पडली. दाढीच्या चांगल्या साबणात पोटॅशियमचा साबण आणि भरपूर स्टिअरिक आम्ल असतं, म्हणून त्याचा फेस सायीसारखा दाट होतो आणि टिकतो. अंघोळीच्या साबणाला ते जमत नाही.

मग मी चाकूच्या टोकाने कडेला खणून पाहिलं. वर पाऊण इंच पांढराशुभ्र साबण आणि तळाशी अगदी पातळ, तपकिरी, तडकलेला थर. तो खरा. म्हणजे वाटी खरी होती. कुणीतरी जुन्या काळी मनापासून वापरून संपवलेली वाटी होती ती. तिच्यात अंघोळीचा साबण ओतून, वर प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी गुंडाळून ‘सीलबंद’ केलं होतं. रिकामी म्हणून विकली असती तर मी ती आनंदाने घेतली असती.

आता रेझर. डोक्याच्या खालच्या खाचेत पांढरी पूड बसली होती. पार्सल उघडलं तेव्हा मला ती धूळ वाटली. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण टाकून जुन्या टूथब्रशने घासलं तेव्हा ती पॉलिशची निघाली. न वापरलेल्या वस्तूला पॉलिश कशाला लागतं? पूड गेल्यावर खाली एक अक्षर आणि एक आकडा दिसला: आय २. त्या काळातल्या अमेरिकन जिलेट रेझरवर अक्षर वर्षाचं असतं आणि आकडा तिमाहीचा. ए म्हणजे १९५५, बी म्हणजे १९५६, तिथून पुढे एकेक अक्षर एकेक वर्ष. आय म्हणजे १९६३. सांगितलेल्या सालापेक्षा सात वर्षांनी धाकटा. खालच्या बाजूचा फोटो का मिळत नव्हता, ते तेव्हा उमगलं.

लाल रंगाचं तर विचारूच नका. बूड भिंगाखाली धरलं. सत्तर वर्षांची वस्तू असेल तर वापराने रंग ओरखडतो, ओरखड्यात धातू उघडा पडतो. इथे उलट होतं. धातूवरचे जुने ओरखडे रंगाच्या खाली होते आणि रंग त्यांच्यात उतरून साचला होता. म्हणजे आधी ओरखडे पडले, मग रंग लागला. नेलपॉलिश काढायच्या द्रावात कापूस बुडवून एकदा फिरवला तर कापूस कुंकवासारखा लाल झाला. ही परीक्षा तुम्ही करू नका, खरा रंगही निघू शकतो. भिंग पुरेसं आहे. रेझर खोटा नाही, तो साधा, बिनरंगाचा, चांगला चालणारा सुपर स्पीड आहे. त्याला लाल बूड लावून तिप्पट किमतीला विकला, एवढंच. पण जुन्या वस्तूच्या अंगावर तिचा इतिहास लिहिलेला असतो, आणि तो खोडून दुसरा लिहिणाऱ्याचा मला पैशांपेक्षा जास्त राग येतो.

ब्रशबद्दल मात्र काळजीने सांगायला हवं. मूठ हस्तिदंती नव्हती. तिच्यावर सरळ, समांतर, आखल्यासारख्या रेषा होत्या. खऱ्या हस्तिदंतात आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. मूठ हाताने चोळून गरम केली तर कापराचा वास आला, म्हणजे सेल्युलॉइड. तापलेली सुई टोचून पाहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. आणि खरं हस्तिदंत असतं तर ते घेणं हाच गुन्हा होता, त्याची खरेदी-विक्री आपल्या देशात कायद्याने बंद आहे.

खरी भीती केसांची. दाढीच्या ब्रशात बॅजर या प्राण्याचे केस वापरतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या केसांचा पुरवठा आटला, तेव्हा घोड्याचे केस रंगवून बॅजरचे म्हणून ब्रशमध्ये भरले गेले. युद्धाआधी हे केस फ्रान्स-जर्मनीत निर्जंतुक होऊन यायचे, ती साखळी तुटली होती. त्या ब्रशांतून अँथ्रॅक्स पसरला. दाढी करताना झालेल्या बारीक जखमेतून रोग शिरला आणि इंग्लंड-अमेरिकेत माणसं दगावली. आज धोका कमी आहे, पण अँथ्रॅक्सचे बीजाणू फार चिवट असतात आणि घरी पाणी उकळून त्यांची खात्री देता येत नाही. माझ्या ब्रशचे केस कुठले, कधीचे, काहीच कळायला मार्ग नाही. मी तो पिशवीत बांधून ठेवला आहे. साबणाची परीक्षा केली ती माझ्या रोजच्या ब्रशने, ते नशीब. जुना ब्रश आवडला तर मूठ ठेवा, केस नवे बसवून घ्या.

विकणाऱ्याला मी फोटो आणि सगळा तपशील पाठवला. उत्तर एका ओळीचं: ‘जुन्या वस्तूला गॅरंटी नसते, दादा.’ मग नंबर बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट जोडले. पैसे अजून आलेले नाहीत. पार्सल आलं त्याच रात्री बोललो असतो तर हाती काही पुरावा तरी ताजा असता, म्हणून नेम काहीही असो, पार्सल उघडताना व्हिडिओ करा आणि त्याच दिवशी भिंग लावा. दाढी करायला बंदी होती, पाहायला नव्हती.

वस्तऱ्यांच्या बाबतीतही हेच चालतं. मागे एकाने मला ‘१८५० चा, इंग्रज साहेबाचा’ म्हणून वस्तरा दाखवला होता, पात्याच्या बुडाशी ‘जर्मनी’ कोरलेलं. परदेशी मालावर देशाचं नाव हवं, हा अमेरिकेचा नियम १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आला. त्यानंतर पात्यांवर देशाचं नाव सर्रास दिसू लागलं. तेव्हा मी हात जोडून पुढे गेलो होतो. वस्तऱ्याचं मला माहीत होतं, सुपर स्पीडचं नव्हतं. जे आपल्या अभ्यासातलं नाही तिथे एक दिवस थांबावं, कुणा जाणत्याला फोटो दाखवावा. आणि दुसरं गिऱ्हाईक उभं असेल तर त्याला खुशाल घेऊ द्यावं.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली, दुसऱ्या नावाने. रेझर वेगळा असावा, पण फोटोखालचं टेबल तेच, डाव्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग तोच. ‘लाल बुडाचा, १९५६, न वापरलेला.’ किंमत आता अकरा हजार. फोटो चार, आणि खालच्या बाजूचा एकही नाही.