आयकर रिफंड: चार वर्षांचा वापर, चार तारे

मी मराठी शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. तासांप्रमाणे मानधन ठरतं, त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा कर, कापला जातो आणि उरलेलं कधी दोन महिन्यांनी, कधी पाच महिन्यांनी खात्यात पडतं. वर्षभराची बेरीज केली तरी ती करपात्र होत नाही. मग कापलेलं सगळं परत मागायचं. 2022 पासून चारदा मागितलं, चारही वेळा मिळालं. लोक मिक्सरवर आणि मोबाइलवर परीक्षणं लिहितात. मी वर्षातून एकदा, पण अगदी वाट पाहून वापरते ती सेवा ही, म्हणून हिच्यावर लिहिते.

आधी 2025 चं, कारण ते सगळ्यात सरळ झालं. रिटर्न भरायची मुदत त्या वर्षी 31 जुलैवरून 15 सप्टेंबरवर गेली होती. मी 8 ऑगस्टला भरलं. मुदत वाढली की माणूस निवांत होतो, पण माझे पैसे तिकडे अडकलेले असताना निवांत कसली होते. वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे ज्याला सगळे एआयएस म्हणतात ते, आणि कापलेल्या कराची नोंद असलेलं 26एएस, दोन्ही उघडून माझ्या वहीशी ताडून पाहिले. वर्षाचं मानधन 2,62,000, कापलेला कर 26,200. बचत खात्याचं किरकोळ व्याज धरूनही बेरीज तीन लाखांच्या आत, म्हणजे कर शून्य. आधारच्या ओटीपीने तिथल्या तिथे पडताळणी केली. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्यातल्या एक मॅडम रिटर्न भरून मोकळ्या झाल्या आणि पडताळणी राहूनच गेली. त्याला 30 दिवसांची मुदत असते. ती टळली की पडताळणी कराल ती तारीख रिटर्नची तारीख धरतात, आणि तोवर कोणी तुमच्या रिटर्नकडे बघतसुद्धा नाही.

29 ऑगस्टला मेसेज आला. गौरी यायला दोन दिवस होते, मी पिठाच्या हातांनी मोबाइल उघडला. 26,860 रुपये जमा.

आता हा आकडा बघा. कापले होते 26,200. कलम 244ए खाली एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं, महिना अर्धवट असला तरी पूर्ण धरतात. एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने, महिन्याला 131, झाले 655. बेरीज 26,855. आणि रिफंड जवळच्या दहाच्या पटीत करायचा असा नियम, म्हणून 26,860. वरचे पाच रुपये सरकारने मला दिले! मी ते गणित भाजणीच्या डब्याच्या झाकणावर बोटाने मांडून पाहिलं आणि जुळलं तेव्हा जो आनंद झाला तो रकमेच्या मानाने जरा जास्तच होता. बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रातून येणारी, रिटर्नचा हिशेब कळवणारी सूचना, 143(1) ची, तीही पीडीएफमध्ये आली. तिला पासवर्ड लागतो: पॅन लहान इंग्रजी अक्षरांत आणि लगेच पुढे जन्मतारीख. पहिल्या वर्षी मी पॅन मोठ्या अक्षरांत टाकून अर्धा तास घालवला होता.

पहिलं वर्ष तसं सगळ्याच बाबतीत फजितीचं होतं. रिटर्न वेळेत भरलं, सूचना आली, 14,300 मंजूर. पैसे मात्र येईनात. पोर्टलवर बघते तर ‘रिफंड फेल्ड’. मला वाटलं सरकार नापास झालं. नापास मी होते. पॅन आणि आधार माहेरच्या नावावर, बँकेतलं खातं सासरच्या नावावर. लग्नानंतर लगेच उघडलेलं, सासऱ्यांच्या ओळखीने, अर्ज त्यांनीच भरलेला. वीस वर्षांत त्या दोन नावांची कधी गाठच पडली नव्हती. 2019 च्या मार्चपासून रिफंड थेट खात्यातच जातो, चेक नाही. आणि ते खातं पॅनशी जोडलेलं आणि आधी पडताळलेलं लागतं. तिथे नावं जुळली नाहीत की गाडी अडलीच.

बँकेत गेले. काउंटरवरच्या ताईंनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला. “मॅडम, सासरचं नाव काढून माहेरचं लावायचंय? लोक उलटं करायला येतात.” त्यांनी आवाज जरा खाली आणून विचारलं, “घरी सगळं ठीक ना?” मी म्हटलं, घरी ठीक आहे, पॅनवर ठीक नाही. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला लग्नाचा दाखला नव्हता, दुसऱ्या खेपेला साहेब नव्हते. नाव बदलल्यावर पोर्टलवर खातं पुन्हा पडताळून घेतलं, ‘रिफंड रीइश्यू’ची विनंती टाकली आणि डिसेंबरात पैसे आले. मधल्या महिन्यांचं व्याज नाही, कारण उशीर माझ्यामुळे झाला होता आणि करदात्यामुळे गेलेला काळ व्याजातून वगळतात. ते मला पटलंही. नवऱ्याला मात्र पटलं नव्हतं, व्याज नव्हे, नाव. दोन दिवस गप्प होता. आता स्वतःच गंमत म्हणून सांगतो.

ते 14,300 कुठे गेले, विचाराल तर मला सांगता येणार नाही. घरखर्चाच्या खात्यात पडले आणि मिठासारखे विरघळले. पैसे एकदम आले की आपल्याला ते वरकमाई वाटतात. खरं तर ते माझ्याच ऑगस्टच्या, सप्टेंबरच्या तासांचे होते. आमच्या स्टाफरूममध्ये अर्थशास्त्राच्या मॅडम आहेत, त्या अशा वेळी रिचर्ड थेलरचं नाव घेतात, ज्यांना 2017 मध्ये नोबेल मिळालं. माणूस डोक्यात पैशांची वेगवेगळी खाती मांडतो, पगाराचा रुपया आणि अवचित आलेला रुपया एकसारखा खर्च करत नाही, हे मॅडमनी छान समजावून सांगितलं. सांगताना अंगावर रिफंडातून घेतलेली पैठणी होती.

बाकीच्यांचं म्हणाल तर इंग्रजीचे सर विम्याचा हप्ता तेवढ्यासाठी ऑगस्टला लावून बसलेत. ग्रंथपाल मॅडम पोरीची क्लासची फी भरतात. भूगोलाचे सर दरवर्षी “या वेळी म्युच्युअल फंडात” म्हणतात आणि दरवर्षी मोटरसायकलचे टायर बदलतात. एकाचा तर रिफंड आलाच नाही. त्याच्या नावावर काही वर्षांपूर्वीची कराची मागणी निघाली आणि कलम 245 खाली त्यातून परस्पर वळती झाली. मागणीची सूचना मेलवर आली होती, मेल वाचायचा राहिला होता.

2024 साली एक सल्लागार गृहस्थ स्टाफरूममध्ये यायला लागले. बोलणं असं की रिटर्न आमच्याकडे द्या, रिफंड आला तरच फी, रिफंडाच्या दहा टक्के. माझी फाइल पाहून म्हणाले, “मॅडम, तुमच्यात काही नाही.” कापलेलं सगळंच परत येणार असेल तर त्यात वाढवायचं काय! पण कायम नोकरीतल्या एका सरांना त्यांनी चाळीस हजारांच्या वर रिफंड काढून दिला. घरभाडं दाखवलं, राजकीय पक्षाला देणगी दाखवली. सर राहतात स्वतःच्या घरात आणि देणगी देतात ती फक्त वाढदिवसाच्या पाकिटात. त्या पैशाचा मोठा टीव्ही आला. 2025 च्या जुलैत आयकर विभागाने देशभर दीडशेच्या आसपास ठिकाणी अशा खोट्या वजावटींची तपासणी केली, ती बातमी सरांनी त्याच टीव्हीवर पाहिली. मग धावपळ करून अद्ययावत रिटर्न भरलं. जास्तीचा रिफंड परत, त्यावर व्याज आणि वर पंचवीस टक्के जादा कर. नोटीस येईपर्यंत थांबले असते तर दंड कराच्या दुप्पट लागू शकला असता. सल्लागारांचे दहा टक्के मात्र परत आले नाहीत, फोनही लागत नाही.

त्यामुळे माझा सल्ला विचाराल तर रिफंड ‘काढून’ देणाऱ्यापासून लांब राहा. आणि “तुमचा रिफंड मंजूर, इथे क्लिक करा” छापाच्या मेसेजपासूनही. खरा रिफंड पासवर्ड विचारत नाही, गुपचूप येऊन पडतो.

आता त्रुटी. माझा मामेभाऊ सीए आहे. तो दर वर्षी ऐकवतो, “ताई, तू सरकारला उसने देतेस, तेही बिनव्याजी.” बिनव्याजी पूर्ण खरं नाही, ते 655 वर मांडलेच. पण अर्धं खरं आहे. ऑगस्टमध्ये कापलेल्या रुपयाला एप्रिल उजाडेपर्यंत काहीच मिळत नाही, व्याजाचं मीटर एक एप्रिललाच सुरू होतं. त्याने उपायही सांगितला. मुदत ठेवीच्या व्याजासाठी 15जी फॉर्म भरून कपात टाळता येत होती, मानधनाला तो चालत नव्हता. तिथे कलम 197 खाली कमी कपातीचा दाखला काढावा लागायचा, त्यासाठी फॉर्म 13. फॉर्म उघडून पाहिला, मग बंद केला.

आळस हे एक कारण. दुसरं सांगते. आमचे तास मार्च-एप्रिलमध्ये संपतात. नवीन नेमणूक होऊन पहिलं मानधन हातात पडेपर्यंत दिवाळी तोंडावर येते. उन्हाळा कसाबसा निघतो, जुलै-ऑगस्ट मात्र अंगावर येतात. शाळा सुरू, पाऊस, सण. नेमका त्याच वेळी हा पैसा येतो. तेच पैसे दरमहा दोन-सव्वादोन हजार करून हातात आले असते तर त्यांची गत 14,300 सारखी झाली असती, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. भावाला कर कळतो, पण त्याला ऑगस्टमध्ये पगार असतो.

म्हणून 2023 पासून रिफंड वेगळ्या खात्यात घेते. त्या खात्याचं कार्डच काढलेलं नाही. त्यातून ऑगस्ट-सप्टेंबरचा किराणा, लाइट बिल आणि गॅस, आणि दरवर्षी एक असं काम जे लांबणीवर पडलेलं असतं. 2025 मध्ये चष्मा. दोन वर्षं मी उत्तरपत्रिका हात लांब करून तपासत होते, ‘ष’ आणि ‘प’ यांतला फरक अंदाजाने ठरवत होते. कित्येकांना त्यात फुकटचा अर्धा गुण गेला असेल. प्रोग्रेसिव्ह भिंगांचा, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेला, 9,400 रुपयांचा चष्मा एरवी मी घेतलाच नसता, तीन हजारांवर अडून बसले असते. पहिला आठवडा जिन्याच्या पायऱ्या तरंगत होत्या. आता खाली पाहताना मान वाकवायची सवय झाली आहे आणि पोरांच्या चुका फार स्पष्ट दिसतात.

चार तारे. एक तारा त्या आठ महिन्यांच्या कोरड्या काळासाठी कापला. तो मी परत देणार नाही.

2026 च्या एप्रिलपासून नवा आयकर कायदा, म्हणजे 244ए, 245 हे पाठ केलेले आकडेही बदलले. रिफंड हे उत्पन्न नाही, त्यावरचं व्याज मात्र आहे, तेव्हा पुढच्या रिटर्नमध्ये ते दाखवायचं. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय: ‘रिफंडचं व्याज 655, इतर उत्पन्नात. विसरू नये.’ खाली नवऱ्याच्या अक्षरात: ‘आणि ते पाच रुपये?’