गाडीवरचे रंगाचे शिंतोडे आणि क्ले बार: काही महिन्यांच्या वापरानंतर

सोसायटीचं रंगकाम निघालं की खाली उभ्या गाड्यांवर दोन प्रकारचा माल येऊन पडतो: भिंतीच्या प्लास्टिक पेंटचे थेंब आणि ग्रिलवर मारलेल्या ऑइलपेंटचा बारीक फवारा. तिसरा प्रकार पार्किंगच्या खांबावरच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा; तो आपणच घासून आणतो. क्ले बार म्हणजे रंगावर चिकटलेले कण उचलून घेणारी, मळलेल्या चिकणमातीसारखी वडी. मध्यम ग्रेडची (मध्यम खरखरीत) १०० ग्रॅमची अशी वडी गेले काही महिने या तिन्हींवर वापरून झाली. फवाऱ्यावर तिला तोड नाही. थेंबांवर ती निम्मंच काम करते. खांबाच्या डागासाठी मात्र तिच्या नादी लागू नये.

फवारा लांबून दिसतही नाही. गाडी धुऊन झाल्यावर पंज्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून हात फिरवा, खरखर लगेच कळते. वडीचे तीन तुकडे करायचे आणि एका वेळी एकच काढायचा, म्हणजे खाली पडला तर तेवढाच वाया जातो. पडलेला तुकडा फेकूनच द्यावा. त्यात रुतलेली वाळू धुऊन निघत नाही आणि पुढच्या वेळी गाडीच्या रंगावर ओरखडे काढते. तुकडा कोमट पाण्यात मऊ करून तीन बोटांएवढा चपटा करा. किटमधलं ल्युब्रिकंट (क्ले घसरती ठेवणारा द्रव) चांगलं असतं, पण क्लेच्या कितीतरी आधी संपतं. मग एक लिटर पाण्यात १० मिली कार शॅम्पू घालून स्प्रेच्या बाटलीत भरलं तरी चालतं. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्सही उतरवतो.

दोन फूट बाय दोन फूट भाग सढळ हाताने ओला करायचा आणि क्ले सरळ रेषेत, दाब न देता, मागेपुढे फिरवायची. सुरुवातीला ती अडखळते, बारीक आवाज येतो. काही हात फिरले की आवाज थांबतो आणि क्ले घसरायला लागते. तिथेच थांबायचं. क्ले उलटी करून बघितली तर तोंडावर फवाऱ्याचे ठिपके अडकलेले दिसतात. घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. पत्रा गरम असेल तर ल्युब्रिकंट सुकतं आणि क्लेचे चिकट पट्टे गाडीवर राहतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी सावलीत उरकावं. राहिलेच पट्टे तर पुन्हा ल्युब्रिकंट मारून त्याच क्लेने हलकेच उचलावेत. ल्युब्रिकंट म्हणून अल्कोहोल वापरू नये, क्लेचा भुगा होतो.

थेंब ताजे असतील तर शॅम्पूच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की नखाने सुटतात. वाळलेल्यांवर निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल, निम्मं पाणी असा बोळा मिनिटभर दाबून धरायचा. प्लास्टिक पेंट मऊ पडतो. क्ले त्यानंतर, उरलेल्या पातळ थरापुरती. थेट थेंबावर चालवली तर ती कडेला अडते, मग माणूस जोर लावतो आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) धुरकट होतो.

खांबाच्या डागावर आधी नख फिरवा. नख वर चढलं तर तो खांबाचा रंग आहे, निघेल. नख खाली अडकलं तर आपलाच रंग खरवडला आहे, तिथे पुसून काही होणार नाही. निघणाऱ्या डागावर मायक्रोफायबरला थोडं मिनरल टर्पेंटाइन लावून पुसा, लगेच शॅम्पूने धुवा. उरलं तर फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं कंपाउंड (रंग हलकेच घासणारी पेस्ट). क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच असतो आणि पॅनेलच्या धारेवर त्याहून पातळ, त्यामुळे कडांवर कंपाउंड रगडू नये.

‘थिनर मारा, दोन मिनिटांत जाईल’ हा सल्ला सर्रास मिळतो. कंपनीतून भट्टीत भाजून आलेला रंग एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा एखादा हात सोसेलही, पण गॅरेजमध्ये एनसी पेंटने दुरुस्त केलेलं पॅनेल काही सेकंदांत फडक्यावर उतरतं. जुनी घेतलेली गाडी कुठे रंगवली आहे हे मालकाला माहीत नसतं. हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची असते. थिनरने तिला बारीक तडे जातात, ते परत भरून येत नाहीत. टर्पेंटाइनसुद्धा आधी त्याच पॅनेलच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर लावून बघावं. फडक्यावर गाडीचा रंग आला तर थांबावं.

बेसमेंटच्या छतातून गळणाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ रंगाचे नसून चुन्याचे असतात. त्यांच्यावर क्ले झिजवू नका. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, दोन-तीन मिनिटं, आणि मग भरपूर पाणी.

आता तक्रारी. काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर मध्यम क्लेनंतर उन्हात हलकी धुरकट छटा दिसते. फिनिशिंग पॉलिशचा एक हात द्यावाच लागतो. पांढऱ्या-चंदेरी गाड्यांवर सहसा गरज पडत नाही. क्लेबरोबर वॅक्सही जातं, म्हणून त्याच दिवशी नवं वॅक्स लावणं आलं. मॅट फिनिशवर हा प्रकार करूच नये. उन्हाळ्यात डिकीत राहिलेली वडी चिकट होते आणि डबीचं झाकण सैल असेल तर सुकून कडक होते. शॅम्पूच्या पाण्याचे दोन फवारे मारून, डबी घट्ट बंद करून घरात ठेवली तर बरीच टिकते. घडी घालूनही स्वच्छ बाजू सापडेनाशी झाली की तो तुकडा गाडीवरून काढावा. अलॉय व्हीलवर मात्र तो अजून एकदा चालतो.